बोनेटमधलं कुंकू

गाडी चालवायला मला आवडतं असं सांगितलं की लोक कौतुकानं मान डोलावतात. जोरात चालवायला आवडतं असं सांगितलं की तेच लोक माझ्या नवऱ्याकडं बघतात. म्हणून ही दुसरी गोष्ट मी चारचौघांत काढत नाही. पण आहे ते आहे. सकाळच्या वेळी नारायणगावचा बायपास मोकळा असला, गार वारा असला आणि मागच्या सीटवरचे रोपांचे ट्रे उतरवून झालेले असले, की माझा उजवा पाय माझं ऐकेनासा होतो.

गाडी माझ्या सासऱ्यांची. मी त्यांना मामा म्हणते. मामांनी उभी हयात एसटीच्या स्टिअरिंगवर काढली. बिनअपघात सेवेचा बिल्ला त्यांना मिळालेला आहे. तो ते डबीत कापसावर ठेवतात, आणि पाहुणे आले की डबी आपोआप बाहेर येते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही छोटी पांढरी गाडी घेतली, पिंपळवंडीतल्या आमच्या दारात उभी केली आणि हौसेनं चालवली. पुढं डोळ्यांचा पडदा खराब झाला. नाकासमोर धरलेलं दिसतं, चार हातांपलीकडं सगळं धुकं. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली त्या दिवशी मामा घरी आले, खिशातून चावी काढली, आणि समोर पोटचा मुलगा उभा असताना ती माझ्या हातात ठेवली.

"हिचा पाय हलका हाय," एवढंच म्हणाले.

आमच्या यांना त्याचं काही वाटलं नाही. ते चाकणला कंपनीच्या बसनं जातात, बसमध्येच झोप पुरी करतात आणि सुट्टीच्या दिवशी गाडीचं नाव काढलं तरी जांभई देतात. मला मात्र फार वाटलं. माहेरी मला सायकलसुद्धा भावाची फिरून झाल्यावर मिळायची. न मागता हातात आलेली माझ्या आयुष्यातली ही पहिली वस्तू. त्या दिवशी मी चावी उशाशी घेऊन झोपले, आणि त्यावरून घरात माझी बरीच चेष्टा झाली.

घरामागं माझी रोपांची नर्सरी आहे. टोमॅटो, फ्लॉवर, मिरची, झेंडू. गाडी नव्हती तेव्हा गिऱ्हाईक येईल तेव्हा माल जायचा, आणि रोप शेतात धरलं की नाही हे फोनवर ऐकायचं. चावी हातात आल्यावर मी थेट बांधावर जाऊ लागले. महाळुंगे पडवळला एकांच्या शेतात माझा टोमॅटो माना टाकत होता. मी स्वतः गेले, रोप उपटून मुळं बघितली, पाणी कमी करायला लावलं, आणि प्लॉट वाचला. तेव्हापासून त्या गावात मी 'नर्सरीवाल्या ताई' झाले. रविवारी मात्र गाडी मामांची. सासूबाई गेल्यापासून दर रविवारी डिंभ्याला थोरल्या बहिणीकडं जायचं, हा त्यांचा नेम. तिकडच्या बसचा काही भरवसा नसतो. उभा जन्म बस वेळेवर नेलेल्या माणसाला फाट्यावर ताटकळताना मला बघवत नाही, म्हणून सारथी मीच.

आणि मग चलान आलं.

बायपासवर एका ठिकाणी वेगाची मर्यादा एकदम खाली उतरते. तिथला फलक कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सनं झाकलेला होता. गॉगल घातलेले चेहरे दिसले, आकडा दिसला नाही. पुढं झाडाआड पोलिसांची पांढरी गाडी उभी होती आणि तिच्यात स्पीडगन. गाडी मामांच्या नावावर, म्हणून मेसेजही मामांच्या फोनवर. त्यांनी फोन नाकाला लावला आणि आपल्याच गाडीचा फोटो बराच वेळ निरखला.

"हे काय हाय?"

"चलान हाय मामा. स्पीडचं."

"कुनाच्या नावावर?"

"गाडी तुमच्या नावावर हाय ना, म्हणून…"

"उभ्या नोकरीत माझ्या नावावर एक कागद आला न्हाई," मामा म्हणाले. ओरडले असते तर मी उलट बोलले असते. ते ओरडले नाहीत.

फ्लेक्सची हकिकत त्यांनी ऐकून घेतली आणि सोडून दिलं. दुसऱ्या वेळी फ्लेक्स नव्हता, झाड नव्हतं, काही नव्हतं. रस्ता मोकळा होता आणि मी होते. त्या संध्याकाळी मामांनी दाराशेजारची खुंटी चाचपली. नोकरीत असताना त्यांची खाकी पिशवी तिथं लटकायची.

"आता अजून एक मेसेज आला की चावी ह्या खुंटीला," ते म्हणाले. "मंग गाडी पोरगा चालवंल, न्हाईतर कुनीच न्हाई."

पोरगा सोफ्यावर झोपला होता. म्हणजे कुणीच नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

माझा संताप झाला. मामांवर नव्हे, त्यांचा शब्द मोडता येत नाही याच्यावर. मामा कमी बोलतात आणि बोलले की पाळतात. चावी खुंटीला गेली तर माझी नर्सरी पुन्हा घराच्या कुंपणात, मामांचा रविवार पुन्हा फाट्यावर. सावकाश चालवायचं, हा उपाय मलाही सुचला होता. मी तो मनापासून करूनही बघितला. पण मन एकीकडं आणि पाय दुसरीकडं. कुणीतरी ऐन वेळी कोपरानं ढोसायला हवं होतं.

तेवढ्यात मला ती वस्तू दिसली. फोनवर रोपांच्या बुरशीचा व्हिडिओ बघताना मध्येच जाहिरात आली: रडार डिटेक्टर. पुढं स्पीडगन असली की आधीच सांगतो. मी टोमॅटोची बुरशी तिथंच सोडली आणि पुढचे कित्येक दिवस दुपारी ट्रे भरता भरता तेच बघत बसले. हिंदीत बोलणारी पोरं गाडीत बसून एकेक डबा दाखवायची. एकाच्या पडद्यावर गणपतीच्या मंडपासारखी रोषणाई व्हायची. दुसरा बाई होऊन इंग्रजीत ओरडायचा. एका पोरानं मात्र खरं सांगितलं, की स्पीडगन दोन तऱ्हेच्या असतात. रडारची असली तर डबा लांबून ओळखतो. लेसरची असली तर डबा बोंब मारेपर्यंत फोटो निघालेला असतो. तिथं उपयोग होतो फोनचा. डबा फोनला जोडलेला असला की कुठं कुठं पांढरी गाडी उभी राहते, याच्या इतर लोकांनी नकाशावर केलेल्या खुणा आधीच कळतात. म्हणजे फोनला जोडणाराच हवा, हे ठरलं.

राहता राहिले मामा. रविवारी ते माझ्या डाव्या हाताला बसणार. दिसत नसलं तरी त्यांचे कान असे, की टायरमध्ये अडकलेला खडा कुठल्या चाकात आहे ते सांगतात. काचेवर चिकटवायचा डबा नको, कारण उतरताना ते काच चाचपतात. आवाज करणारा तर नकोच. शेवटी मी बिनपडद्याचा, मुका डबा निवडला. तो पुढं जाळीच्या आत बसतो, बातमी फोनला देतो, आणि फोन ती माझ्या हातातल्या, पावलं मोजणाऱ्या पट्ट्याला देतो. पट्टा लेकीनं पुण्याहून पाठवलेला होता, मी रोज चालावं म्हणून. चालले मी कधीच नाही, पण पट्टा मनगटावर थरथरतो हे मला ठाऊक होतं. डाव्या मनगटावर पट्टा, त्याच्यावर हिरव्या बांगड्या. बाहेरून बघणाऱ्याला पट्टा आहे हेही कळू नये. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश झाले.

बसवायला नारायणगावच्या एका इलेक्ट्रिशियनकडं गेले. हॉर्न, टेप, रिव्हर्सचं गाणं असली कामं तो करायचा. डबा हातात घेऊन त्यानं उलटासुलटा केला.

"वैनी, आसली कामं आपन लई केल्यात," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं की एकही केलेलं नाही.

"हे चालतं का पण? म्हंजे कायद्यानं?"

"ते मला नका इचारू. मी फकस्त वायर जोडतो."

त्यानं डबा नंबरप्लेटच्या मागं असा दडवला की मलाही सापडेना. फ्यूजमधून वायर घेतली, फोन जोडून दिला आणि मला चहा पाजला. घरी मामांना मी सांगितलं की हॉर्न दुरुस्त करून आणला. मामा उठून गाडीपाशी गेले, हॉर्न वाजवला, आणि म्हणाले, "हाय तसाच हाय की." मी म्हटलं, आतनं साफ केलाय. त्यांनी पुन्हा एकदा वाजवला आणि आत आले.

डबा मात्र ढिम्म. पांढरी गाडी डोळ्यांदेखत मागं गेली तरी पट्टा गप्प. नशिबानं माझ्यापुढं ट्रॅक्टर होता, म्हणून मी हळू होते. मी तडक इलेक्ट्रिशियनकडं.

"खोडदच्या डिशा हायेत ना वैनी," तो म्हणाला. "त्या सगळं वढून घेत्यात."

आमच्याकडं हे एक बरं आहे. आभाळाकडं तोंड करून उभ्या असलेल्या त्या मोठाल्या दुर्बिणी आमच्या शेजारी आल्यापासून इथलं कुठलंही बिनसलेलं काम त्यांच्या नावावर घालता येतं. फोनला रेंज नाही, डिशा. पाऊस लांबला, डिशा. शेजारणीची कोंबडी अंड्यावर बसेना, तिलाही डिशा. मीही इथलीच, त्यामुळं मला ते लगेच पटलं. वाढत्या चंद्रात पुन्हा बघू, असंही त्यानं सुचवलं आणि मी जवळजवळ कबूल झाले. मग घरी जाऊन डब्याबरोबर आलेला कागद काढला. त्यावरच्या चित्रात पत्र्यावर फुली मारलेली होती. पत्र्यातून डब्याला काही कळत नाही. आणि नंबरप्लेट पत्र्याची.

इलेक्ट्रिशियननं मान खाजवत डबा बोनेटच्या आत, पुढच्या प्लास्टिकच्या जाळीमागं हलवला. परत निघताना बाजारपेठेत नव्या कापडाच्या दुकानासमोर पट्टा असा थरथरला की मी ब्रेकच मारला. स्पीडगन नव्हती. दुकानाला आपोआप उघडणारा काचेचा दरवाजा होता, त्याच्या डोक्यावरचा डोळा आमच्या डब्याला पोलीस वाटला. मी पुढंमागं करून खात्री केली. दरवाजा उघडला की पट्टा थरथरे. आतला मालक मला हात करून बोलवायला लागला, तशी मी निघाले. काम झालेलं होतं.

त्यानंतर कितीतरी दिवस सुखाचे गेले. मेसेज नाही, धास्ती नाही. पांढऱ्या गाडीच्या कितीतरी आधी मनगटाला गुदगुली व्हायची, पाय आपसूक वर यायचा, आणि मी शहाण्या मुलीसारखी पुढं जायचे. मामा शेजारी मांडीवर हात ठेवून बसलेले असायचे. मधूनच त्यांचं तोंड माझ्या हाताकडं वळायचं. मला वाटायचं, गिअर ऐकतायत.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी घरात राबणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. अंगणात सतरंजीवर कोयता, खुरपी, फवारणीचा पंप, वजनकाटा, ट्रेच्या मातीत भोकं पाडायचा साचा, यांचा लॅपटॉप, सगळे ओळीनं बसतात. झेंडू आमच्याच नर्सरीतला. गाडीची पूजा मामांची. ती दुसऱ्या कुणी करायची नाही. चाकं, स्टिअरिंग, आणि बोनेट उघडून इंजिन. बॅटरीवर नाक टेकेल इतके ते खाली वाकतात आणि बोटानं चाचपत एकेका भागाला कुंकू लावतात.

मी सकाळी लवकर उठून गाडी धुतली, बोनेट उघडून आतलं पुसलं. जाळीमागं तो डबा दिसला. काळा, ओला, बिचारा. इतके दिवस त्यानं माझी चावी सांभाळली होती. घरातल्या खुरप्याला कुंकू आणि त्याला नाही? पंगतीत एकालाच न वाढता पुढं जावं, तसं मला झालं. सगळ्या अवजारांना आज मान, आणि हा चोरासारखा अंधारात. माझ्यानं राहवेना. बोटावर हळदकुंकू घेतलं, हात आत घातला, डब्याला लावलं, झेंडूची एक पाकळी चिकटवली आणि मनातल्या मनात हात जोडले. मग स्वयंपाकाला गेले. पुरणाच्या गडबडीत डोक्यातून ते पार निघून गेलं.

अंगणातून हाक आली. "पोरी, हिकडं ये."

मामा बोनेटमध्ये अर्धे वाकलेले होते. हातातलं कुंकवाचं बोट जाळीपाशी थांबलेलं.

"हितं कुंकू कुनी लावलं?"

कढईतलं पुरण लागलं तरी चालेल, पण हा प्रश्न नको, असं मला झालं. खोटं बोलायला तोंड उघडलं. पण खंडेनवमी होती, समोर पूजा मांडलेली होती, आणि मामांचा हात डब्यावर होता.

"मी लावलं," मी म्हटलं.

"आन हे हाय काय?"

मी सगळं सांगितलं. फोन, पट्टा, नकाशा, दुकानाचा दरवाजा. मामा डब्यावरून बोट फिरवत ऐकत होते. माझं लक्ष मात्र दाराशेजारच्या खुंटीकडं होतं. मला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा रागही येत होता.

"म्हनून," मामा सरळ होत म्हणाले. "तुझ्या बांगड्या किनकिनल्या की गाडी सावकास व्हती. कवापासनं मी इचार करतोय, ही हात का हलवती आसंल."

मी मनगटाकडं बघितलं. पट्टा थरथरला की वरच्या काचेच्या बांगड्या वाजायच्या. मला इंजिनाच्या आवाजात ते कधी ऐकूच आलं नव्हतं. माझा गिअरवरचा हात मात्र सारखा मामांच्या बाजूला, त्यांच्या कानांच्या टप्प्यात असायचा.

"चावी देऊ?" मी विचारलं.

"मेसेज आला का?"

"न्हाई."

"मेसेज आला की चावी, आसं बोललो व्हतो. डबा बसवला की चावी, आसं कुठं बोललो व्हतो?" त्यांनी बोट पुन्हा कुंकवात बुडवलं, चाचपत डबा शोधला आणि माझ्या कुंकवावर आपलं कुंकू लावलं. "आन पूजा माझ्याकडं असती. मधे मधे करू नगंस."

मी आत जाऊन रडले. पुरण थोडं लागलंच.

पुढच्या रविवारी घोडेगाव ओलांडल्यावर मामांनी चौकशी काढली. डब्याला काय काय ठाऊक असतं? मी म्हटलं, पोलीस तेवढा ठाऊक असतो, बाकी आपण नकाशावर खूण केली तर तिथंही थरथरतो. मग काय विचारता! कालव्याच्या पुलापुढचं वळण, तिथं लाव. शाळेपाशी लाव. फाट्यावर म्हशी आडव्या येतात, तिथंही. त्यांना झाड दिसत नव्हतं की खांब दिसत नव्हता, पण गाडीच्या अंगाला बसणाऱ्या हिसक्यांवरून ते रस्ता ओळखायचे. निम्म्या खुणा चुकल्या. शाळा कधीच पलीकडं गेली होती, म्हशी विकल्या गेल्या होत्या, एका वळणाचा तर सरळ रस्ता झाला होता. त्यावरून आमची भांडणं झाली. "वळण व्हतं हितं!" ते म्हणायचे. "होतं, मामा. काढलं," मी म्हणायचे. एक खूण त्यांनी भज्यांच्या हॉटेलापाशी करायला लावली. धोका कसला, ते सांगितलं नाही.

डिंभ्याची बहीण त्यांच्याहून थोरली. मी तिला आत्याबाई म्हणते. तिची मुलं धरणात मासे धरतात. घर पाण्याच्या अंगाला आहे आणि ओसरीवर कायम जाळी वाळत असतात. आत्याबाई आमची वाट बघत उंबऱ्यात बसलेली असायची आणि गाडी थांबली की दर वेळचंच एक वाक्य टाकायची: "आला का वेळेवर?" त्या रविवारी मात्र ती माशांचं पुडकं बांधता बांधता माझ्याकडं बघून म्हणाली, "लहानपनापासनं हा आसाच. वेळेवर येनार. लवकर कवाच आला न्हाई. कुनाच्या पुढं जाऊन, आधी मला द्या, आसं कवा म्हनला न्हाई."

मामा हसले. परत येताना मंचरच्या अलीकडं म्हणाले, "बस हळू न्यायचो म्हनून लोक मला नावं ठेवायची. बैलगाडी बरी, म्हनायची. मला काय पळवता येत न्हवती व्हय? पन मागं मानसं बसलेली असायची." एवढं बोलून त्यांनी काच खाली केली आणि वाऱ्यात तोंड धरलं.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी आम्ही नारायणगावच्या बायपासला लागलो. ऊन कोवळं होतं. रस्ता रिकामा.

"आज लवकर जायचंय," मामा म्हणाले.

"काय काम हाय का आत्याबाईकडं?"

"काम न्हाई. लवकर जायचंय."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते सीटवर सरळ बसले होते, दोन्ही हात पुढं गुडघ्यांवर, स्टिअरिंग धरल्यासारखे.

"म्होरं कुनी हाय?"

"न्हाई."

"मागं?"

"मागंबी न्हाई."

"मंग जाऊ दे की."

मी पाय दाबला. गाडीनं आवाज बदलला तसा मामांनी मान किंचित तिरकी करून ऐकला. खिडकीतून वारा आत घुसला, त्यांची टोपी उडाली, मागच्या सीटवर जाऊन पडली. ती उचलायचं त्यांच्या मनात आलं नाही. वेग डोळ्यांना दिसत नसला तरी अंगाला कळतो, हे मला त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. इतका मोकळा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

आणि मनगट थरथरलं. बांगड्या किणकिणल्या. पुढं तेच झाड, तीच पांढरी गाडी असणार. माझा पाय सवयीनं वर आला.

"वाजू दे," मामा म्हणाले.

"मामा, मेसेज येईल."

"वाजू दे म्हनतो ना."

मी पाय पुन्हा ठेवला. झाड आलं, मागं गेलं. बांगड्या वाजत राहिल्या आणि मामा खदखदून हसत राहिले, लहान पोरासारखे. बायपास संपला तेव्हा त्यांनी स्वतःच हात वर केला. "बास. आता गावं लागतील. सावकास."

डिंभ्याला पोचलो तेव्हा आत्याबाई अंगण झाडत होती. केस विंचरलेले नव्हते, पदर खोचलेला. गाडी बघून ती खराटा हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"काय गं, कोन गेलं का काय?" तिनं घाबरून मला विचारलं.

"कोन न्हाई गेलं," मामा दार उघडत म्हणाले. "मीच लवकर आलो." खराटा टाकून ती त्यांच्या पाठीवर थापा मारत हसली आणि मग डोळे पुसत चहा ठेवायला आत गेली.

मेसेज आला. यायचाच होता. मामांनी फोन नाकाला लावला, फोटो बघितला, "नंबर आपलाच हाय," म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. मी कुणी सांगायची वाट बघितली नाही. चावी काढली आणि खुंटीला अडकवली. शब्द म्हणजे शब्द. तो मोडायला लावून मामांना लहान करायचं माझ्या मनात नव्हतं.  महाळुंग्याला दुसऱ्या दिवशी फ्लॉवर बघायला जायचं होतं, तिथं फोन करून येत नाही म्हणून कळवलं.

सकाळी मी ट्रेला पाणी घालत होते. दारातून गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग लांबलचक. धावत गेले तर मामा गाडीत. आपल्याच जागी, डाव्या हाताला, टोपी घालून. उजवा हात लांबवून हॉर्न दाबत होते. चावी स्टिअरिंगखाली लावलेली होती.

"मामा, खुंटीवरची…"

"चलान कुनाच्या नावावर आलं?"

"तुमच्या."

"पळव म्हनलं कुनी?"

"तुमी."

"मंग चावी काढून घ्यायची ती माझ्याकडनं," मामा म्हणाले. "ती तर डोळे गेले तवाच गेली. आता माझ्याकडनं काय घेनार? बस चल, तुझा फ्लॉवर वाट बघत आसंल."

 मी ओले हात पदराला पुसले, गाडीत बसले, चावी फिरवली. फाटकातून बाहेर पडताना मामांनी मान माझ्या बाजूला कलती केली.

"बांगड्या घातल्या ना?"

"घातल्यात," मी म्हटलं, आणि गिअर बदलायच्या आधी हात त्यांच्या कानाजवळ नेऊन एकदा हलवून दाखवला.